माझं नाव दाबलं की ती उघडते

अवसरी बुद्रुक
१७ जानेवारी २०२५

श्री. तौहीद कागदी, जुन्नर, यांस,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे. बावीस वर्षं मी बैलगाडा शर्यतींच्या घाटांत तुझ्या कर्ण्यांतून बोललो. पुकारा माझा, आवाज तुझ्या साउंडचा. त्या बावीस वर्षांचा मान ठेवून 'श्री.' लिहिलं आहे. तेवढ्यावर भागव.

फोन करत नाही, कारण फोनवर तू "मास्तर, एक मिनिट" म्हणतोस आणि माझं वाक्य मोडतोस. शर्यतींवर बंदी होती तेव्हा कचेरीसमोर बोलताना पोलिसांनी माझा सदरा धरला होता, वाक्य त्यांनाही धरता आलं नाही. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही. शेवटपर्यंत वाच.

परवा आणे गावच्या जत्रेत आमटी-भाकरीच्या पंगतीला बसलो होतो. शेजारी पठारावरचा रामनाथ. तोच, ज्याची पांढरी जोडी जुंपली की निशाणवालासुद्धा सावरून उभा राहतो. भाकरी कुस्करता कुस्करता त्यानं डाव्या हातानं फोन माझ्यापुढं धरला.

"मास्तर, तुमचं नाव दाबलं की ही पोरगी उघडतीया. दुकान इकलं का काय?"

पंगत हसली. आमटी वाढणारा बादली धरून थांबला आणि तोही हसला. मी म्हणालो, "नेटवर्क बरं नसंल." आयुष्यात पहिल्यांदा मी उत्तर शोधताना नेटवर्कचा आधार घेतला, आणि तो तुझ्यामुळं.

आठव जरा. बंदी उठली, घाट पुन्हा वाजू लागले, तेव्हा बारीच्या, म्हणजे गाडा पळवायच्या पाळीच्या, टोकनासाठी गाडामालक पहाटेपासून जत्रा समितीच्या दारात रांग लावायचे आणि रांगेतच हाणामाऱ्या व्हायच्या. तू म्हणालास, नोंद वेबसाईटवर घेऊ. मी विचारलं, साईटचं नाव काय? तिथंच गाडं अडलं. जुन्नरचे म्हणाले, आंबेगावचं नाव आम्ही टाईप करणार नाही. आंबेगावचे म्हणाले, जुन्नरचं नको. पठारावरच्यांना दोन्ही नको. तेव्हा तूच घाटातली रीत काढलीस. ज्याच्याकडं एकच बैलजोडी असते तो दुसऱ्या गावच्या मालकाशी जोडी जमवतो. चार बैल एका गाड्याला आणि पुकारा दोघांच्या नावानं. आपली जुगलबंदी. "मास्तर, नावं चार घेऊ, गाडा एकच पळवू," म्हणालास. जुन्नरचा घाट, आंबेगावचा घाट, पठारचा गाडा, आणि चौथं चांगदेववाणी. पुढं सगळ्यांना डॉट इन. कुठलंही नाव टाका, माणूस चांगदेववाणीवर येणार. तिथं माझा फोटो, बंदीविरुद्धचं माझं मंचरचं भाषण, आणि त्याखाली टोकनाचा फॉर्म. चारही नावं माझ्या फोनवर घेतली, साईट तुझ्या सर्व्हरवर ठेवली. भांडायला जागाच नव्हती.

आता तू पाचवं नाव घेतलंस. आमचीबारी. साईट उचलून तिथं नेलीस आणि जुन्या चारही नावांना तिकडं तोंड करून दिलंस. रीडायरेक्ट म्हणतात याला, तूच मला शिकवलंस: माणूस जुन्या दारात आला की त्याला न बोलता उचलायचा आणि नव्या दारात ठेवायचा. त्याला कळतही नाही की आपण दार बदललं. ही तुमची कारागिरी. मी याला दरोडा म्हणतो. दरोडेखोर निदान कुलूप तरी फोडतो.

आणि नव्या दारात उभी कोण? पेठची हर्षाली. पान उघडलं की तिचा आवाज: "या मंडळी, बारी तुमचीच आहे." ती बाई आहे म्हणून मी बोलतो असं कुणी समजू नये. महिलांनी माइक हातात घ्यावा, असं मीच महिला दिनाला घोडेगावात गरजलो होतो. माझा माइक, असं म्हणालो नव्हतो. तो काळा माइक, जो तू माझ्याशिवाय कुणाच्या हातात दिला नाहीस, पुसायलासुद्धा माझ्याच उपरण्याचं टोक घ्यायचास, तो आण्याच्या घाटात तिच्या हातात होता. मी लांबून पाहिला. लांबूनही ओळखला.

हा मत्सर नाही. मी वाचनालयाची दोन कपाटं वाचून संपवलेला माणूस आहे, मत्सर कशाला म्हणतात ते मला ठाऊक आहे. हा तत्त्वाचा प्रश्न आहे. माणसाच्या नावावर माणूसच भेटला पाहिजे.

आठवडाभरात चांगदेववाणी पूर्वीसारखं कर. नाही तर ते मला करता येतं.

चांगदेव


अवसरी बुद्रुक
२६ जानेवारी २०२५

श्री. तौहीद यांस,

उत्तर आलं नाही. निरोप आला, तोही माझ्या पुतणीकडून. आरतीचं मंचरला सेवा केंद्र आहे म्हणून तू तिला पोस्टमन केलंस. तिनं तुझे शब्द तसेच सांगितले: "मास्तरांना सांग, समित्यांनीच नवं नाव मागितलं. एका माणसाच्या नावावर सगळ्या तालुक्याची नोंद नको म्हणाले. मी तीनदा घरी आलो हे सांगायला. तिन्ही वेळा मास्तर बोलत व्हते."

ही बदनामी आहे. दोनदा मी बोलत होतो. तिसऱ्यांदा वाचत होतो, मोठ्यानं.

समित्यांचं म्हणतोस. कुठल्या समित्या? बंदीच्या काळात ज्या चहाच्या टपरीवरसुद्धा तोंड उघडत नव्हत्या, त्या? तेव्हा उन्हात उभा राहून गावोगाव कोण बोललं? बैल हा शेतकऱ्याच्या घरातला माणूस आहे, हे वाक्य कुणाचं? आज ते वाक्य तुझी हर्षाली प्रत्येक घाटात म्हणते आणि लोक तिच्या नावानं ते फोनवर फिरवतात. नाव माझं तिच्याकडं वळवलंस, वाक्यं तर आधीच वळली होती.

तर ऐक. काल मी मंचरला गेलो आणि चारही नावं परत घेतली. ओटीपी माझ्याच फोनवर येतो, हे तू विसरला होतास. आरती संगणकावर बसली, मी शेजारी उभा.

"काका, हे कशासाठी चाललंय?"

"तत्त्वासाठी."

"बरं. तत्त्वाचा ओटीपी आला असंल, तो सांगा."

सांगितला. पासवर्ड बदलला. आमचीबारीकडं पाठवणारी सगळी पाठवणी काढून टाकली. जुनं पान तुझ्या सर्व्हरवर अजून तसंच पडलेलं होतं, तू पाडलं नव्हतंस. चार सेकंदांत माझा फोटो वर आला, खाली मंचरचं भाषण. आरती म्हणाली, "काका, पान उघडलं खरं, पण तिथला जो फॉर्म हाय ना, त्यो आता…" मी तिला तिथंच थांबवलं. म्हणालो, बाळ, कामाचं बोलून झालं, आता मला वाचू दे. अख्खं भाषण उभ्यानं वाचलं. आजही एक शब्द बदलावा असं वाटलं नाही.

घरी आलो तर साळुबाई म्हणाली, "लई दिसांनी जेवताना गप हाय तुमी. कोणाचं वाईट करून आलाय?" तुझ्या वहिनीला तत्त्व कळत नाही, असं म्हणून मी हात धुतले.

पुढच्या आठवड्यात पेठच्या घाटाची नोंद आहे. जुनी माणसं अजून माझंच नाव दाबतात. बघू, गर्दी कुणाच्या दारात होते.

चांगदेव


अवसरी बुद्रुक
९ फेब्रुवारी २०२५

तौहीद,

काल पेठला मी होतो. तू मला पाहिलं नसशील. टेकाडाच्या मागच्या अंगाला, उसाच्या रसाच्या गाड्याजवळ, कानाला मफलर गुंडाळून बसलो होतो. थंडी नव्हती.

आधी हर्षालीबद्दल लिहितो, म्हणजे मन मोकळं होईल. मी अठ्ठावीस वर्षं असं समजत आलो की निशाण पडायच्या आधी लोकांना चढवायचं. आवाज चढवत न्यायचा, श्वास घ्यायला जागा ठेवायची नाही. ती उलट करते. बैल जुंपले, मालकांची नावं पुकारली, की गप्प होते. अख्खा घाट गप्प होतो. बैलाच्या गळ्यातल्या घुंगराचा आवाज कर्ण्यातून ऐकू आला, तौहीद. बावीस वर्षं तुझे कर्णे वापरून मला तो कधी ऐकू आला नाही, कारण त्या जागी मी असायचो. मग निशाण पडलं, आणि तिनं एकच शब्द टाकला: "सुटला." रसवाल्यानं चरक थांबवून टाळी वाजवली. मला त्या माणसाचा इतका राग आला की रस अर्धा टाकून दिला.

हे तू शिकवलंस तिला? की तिला आपसूक येतं? कुठलं उत्तर जास्त झोंबेल, ते ठरवता येत नाही म्हणून उत्तर देऊ नकोस.

आता जे झालं ते.

दुपारी रामनाथ आला. पठारावरून टेम्पो करून, पांढरी जोडी, सोबतीला राजुरीकडच्या पाहुण्याची जोडी, गाड्यापुढं पळायची घोडी, भाऊबंद, पोराबाळांसकट. गुलाल आधीच लावलेला. समितीच्या मांडवात गेला तर यादीत नाव नाही. त्याच्यामागं आणखी दोघं तसेच. मांडवातून आवाज चढले.

"टोकन टाकलंय म्या. मास्तरांच्या नावावर."

"आवो, पण इथं आलंच न्हाई, पावणं."

"मग गेलं कुठं? मास्तरांनी खाल्लं?"

मी मफलर घट्ट केला.

कुठं गेलं, ते आरती मला सांगत होती. जुन्या पानावरचा फॉर्म दिसत होता, भरता येत होता, 'धन्यवाद' म्हणत होता, आणि भरलेलं कुठंच जात नव्हतं. तू नोंद नव्या घरी नेली होतीस. मी जुन्या घराचं दार उघडून दिवा लावला आणि आत कुणीच नव्हतं. पठारावरची माणसं माझा फोटो बघून निर्धास्त झाली. मास्तर आहेत म्हणजे नोंद झालीच.

त्या वेळी उठून मांडवात जायला हवं होतं. मी बसून राहिलो. हजारोंच्या सभेत उभा राहिलेला माणूस, पण चाळीस पावलं मला चालवली नाहीत.

समिती म्हणाली, नियम म्हणजे नियम. तेव्हा ती उठली. हातात तोच माइक. मला वाटलं, आता माझं नाव घेऊन ही माझी साल काढणार, आणि खरं सांगतो, मला ते हवं होतं. तिनं माझा अपमान केला असता तर आज हे पत्र फार सुंदर झालं असतं. ती काय म्हणाली, तुला ठाऊक आहे, तू कर्ण्यापाशीच होतास. तरी लिहितो, कारण कालपासून माझ्या कानातून ते जात नाही. "मंडळी, चांगदेव मास्तरांच्या पानावर नोंदलेला गाडा बिनटोकनाचा कसा म्हणायचा? हा घाट चालू राहिला त्यात त्यांच्या घशाचा वाटा आहे. समितीला हात जोडून विनंती, शेवटच्या बाऱ्या या तिघांना द्याव्यात." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या नावाला. तिच्या तोंडून. तिच्याचसाठी.

बाऱ्या मिळाल्या, पण ऊन कलल्यावर. तोवर रामनाथाचे बैल टेम्पोच्या सावलीत दिवसभर ताटकळले होते. गाडा अर्ध्या घाटात फाकला. पाहुण्याची जोडी एका अंगाला, पांढरी दुसऱ्या अंगाला. नंबर सोड, घड्याळसुद्धा कुणी बघितलं नाही. मागच्या वर्षी याच घाटात तो पहिल्या नंबरात बसला होता.

परत जाताना रसाच्या गाड्यापाशीच टेम्पो थांबला. मफलरातून ओळखलं मला त्यानं. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "मास्तर, फॉरम भरताना तुमचं भाषन वाचलं बरं का. झ्याक हाय." आणि रस पिऊन गेला. टोमणा होता की नव्हता, मला कळलं नाही. अठ्ठावीस वर्षं माणसांची तोंडं वाचून बोलतोय मी.

याचा अर्थ मी शरण आलो असा घेऊ नकोस. तिनं मोठं मन दाखवलं, ते मला आवडलेलं नाही. मोठ्या मनाचं काम घाटात माझ्याकडं होतं.

चांगदेव


अवसरी बुद्रुक
१३ फेब्रुवारी २०२५

तौहीद,

घाईत लिहितो, आरती उद्या जुन्नरला येते आहे, तिच्या हाती देतो.

पेठहून आल्यावर दोन दिवस विचार केला आणि परवा सकाळी मंचरला जाऊन चारही नावांचं तोंड पुन्हा आमचीबारीकडं केलं. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. तिनं मांडवात जे केलं त्यापेक्षा मोठं काही तरी मला करायचं होतं, आणि तिला ते माझ्याकडून ऐकावं लागू नये, आपोआप दिसावं, अशी इच्छा होती. इथपर्यंत सगळं ठीक.

काल आमच्या अवसरीच्या घाटाची नोंद सुरू झाली आणि पान उघडेना. कुठलंही नाव टाका, गोल फिरतं आणि मग पांढरं होतं. फोनवर लिहून येतं की या पानानं फार वेळा इकडून तिकडं पाठवलं. आज आरतीनं बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"काका, तुमचं नाव त्यांच्याकडं पाठवतंय. आन् तौहीदभाईंनी परवाच त्यांचं नाव तुमच्याकडं वळवलंय. मानूस मधल्या मधी."

म्हणजे ज्या दिवशी मी मागं सरलो, त्याच दिवशी तूही मागं सरलास. बावीस वर्षांत एकदाही आपण एकाच वेळी गप्प बसलो नव्हतो, आणि बसलो ते नेमके आता.

मला एवढंच सांग: हे तुझ्या मनात आलं, की तिनं सुचवलं? "मास्तरांचं नाव राहू द्या, त्यांच्याकडंच वळवा," असं ती म्हणाली असणार. म्हणाली असेल तर इथंही ती माझ्या पुढं गेली.

मी सकाळी वळवलं होतं. तू किती वाजता? आधी मी असेन तर मान माझा, तू तुझं काढ. गावातले मालक माझ्या ओट्यावर येऊन बसलेत. सगळ्यांच्या हातात फोन, सगळ्यांचं पान पांढरं. साळुबाई त्यांना चहा देते आहे आणि प्रत्येकाला सांगते आहे, "दोगं बी लई समजूतदार झालेत, म्हनून बंद पडलंय."

चांगदेव


अवसरी बुद्रुक
२ मार्च २०२५

प्रिय तौहीद,

त्या दिवशी आरतीच्या मागोमाग मीही एसटीनं निघालो, हे तुला अम्मीनं सांगितलंच आहे. तू घोडेगावच्या लग्नात साउंड लावायला गेला होतास. दारात तुझ्या अम्मी, जैबुन्निसाचाचीच भेटल्या. मला बघून त्यांनी पिशवी घेतली, पाणी दिलं, आणि मग सुनावलं.

"मास्तर, तुमी दोगं सवती हाव का रे? एक म्हनतो तिच्याकडं जा, दुसरा म्हनतो त्याच्याकडं जा. ह्यो घरात जेवत न्हाई, तुमी तिकडं पत्रं लिवताय. त्या पोरीला काय ठावं बी न्हाई, तिच्यापायी दोन म्हातारे येडे झालेत म्हनून."

"तौहीद म्हातारा नाही, चाची."

"मग तुमी तरी नीट वागा."

मी विचारलं, माझी पत्रं वाचतो का तो. म्हणाल्या, मोठ्यानं वाचतो, तुमच्यासारखा आवाज काढून. हे ऐकून मला बरं वाटलं, म्हणून हसलो नाही.

मग त्यांनीच फोन लावला, तुझा आवाज घरभर झाला, आणि तू म्हणालास, "मास्तर, दोघांतल्या एकानं थांबायला लागंल. तुमीच सांगा, कुनाचं नाव राहू द्यायचं." आणि गप्प बसलास. तिच्यासारखा गप्प. हा प्रकार तू तिच्याकडून शिकलास, मी ओळखलं. मला त्या गप्पपणात काही तरी टाकावंच लागलं, आणि मी म्हणालो, "तुझं राहू दे. पाठवणी तू काढ." चाचींनी लगेच फोन बंद केला, मी शब्द फिरवीन म्हणून.

का म्हणालो, ते तेव्हा बोललो नाही. आता लिहितो. एसटीत बसल्यापासून मी मनातल्या मनात पुकारा करत होतो, सवय आहे. आपल्या घाटात निम्मे गाडे कैलासवासी माणसांच्या नावानं पळतात. आधी बापाचं नाव, त्यापुढं पोराचं, मग गाव. बाप जाऊन दहा वर्षं झालेली असतात, बैलही त्याचे नसतात, तरी कर्ण्यातून पहिलं नाव त्याचंच जातं. हजारदा मी ते पुकारलं आणि कधी विचार केला नाही की त्या पहिल्या नावाचं काम काय. त्याचं काम एवढंच की पोरापर्यंत ऐकणारा पोचवायचा. त्यावर ते नाव भांडत नाही, कारण भांडायला माणूस उरलेला नसतो. मी उरलोय, एवढीच अडचण. जिवंतपणी दुसऱ्याच्या दाराकडं बोट दाखवत उभं राहणं फार अवघड काम आहे, तौहीद. मेलेल्यांना ते सोपं जातं.

अवसरीचा घाट परवा झाला. नोंदी नीट झाल्या. रामनाथाला समितीनं सकाळची बारी दिली, मी जाऊन मागून घेतली, स्वतःच्या तोंडानं, मफलर न घालता. पहिल्यात बसला नाही, पण गाडा सरळ गेला. हर्षालीनं मला मांडवात बोलावलं आणि माइक पुढं केला. काळा. मी घेतला, एकच नाव पुकारलं आणि परत दिला. लोकांना वाटलं, मास्तरांचा घसा बसलाय. मला निशाण पडायच्या आधी गप्प बसून बघायचं होतं, जमतं का ते. जमलं नाही, म्हणून माइक परत दिला. ती माझ्या पाया पडायला वाकली तेव्हा मी मागं सरलो, कारण त्या क्षणी मला तिचा फार हेवा वाटत होता आणि तशा मनानं आशीर्वाद देऊ नये, एवढं मला कळतं. पुढच्या घाटात देईन, असं ठरवलं आहे. तिला सांगू नकोस, पुढच्या घाटातही नाही जमलं तर?

आता कामाचं. जुन्नरचा घाट, आंबेगावचा घाट, पठारचा गाडा ही तीन नावं मी तुझ्या हवाली करतो. त्यासाठी लागणारे कोड आरती तुला पाठवेल. ओटीपी आला की मी लगेच सांगेन, तत्त्व न विचारता. जुन्या पानावरचा तो फॉर्म तू आधी पाड. पुन्हा कुणी त्यात काही टाकू नये. भाषण पाडलंस तरी चालेल. नको, भाषण राहू दे, नव्या घरात कुठं तरी मागच्या खोलीत लाव.

चांगदेववाणी मात्र माझ्याकडं राहील. घाबरू नकोस, ते तुमच्याकडंच वळवलेलं आहे आणि तसंच राहील. दर वर्षी मी स्वतः ते रिन्यू करीन. माझ्या नावानं कुणी आला तर न बोलता त्याला तिच्या दारात नेऊन सोडावं, हे मी मान्य केलं आहे. पण एक विचारतो. असा माणूस आला की तो कुठल्या नावावरून आला, ते तुझ्या सर्व्हरला दिसतं ना? आरती म्हणते, दिसतं. मग दर महिन्याला मला एवढं कळवत जा, की चांगदेववाणीवरून किती जण आले. फक्त आकडा. तिचे किती, ते नको. तिला हे कळू देऊ नकोस.

आकडा लहान असला तरी कळव. नुसता एक असला तरी. तो एक मीच असेन, रोज सकाळी मी माझं नाव दाबून तिचा पुकारा ऐकायला येतो. तरी कळव.

तुझा
चांगदेव मास्तर